ना फर्म, ना जीएसटी नंबर: छंदातून मिळालेल्या कामाचं बिल कसं करायचं

सोसायटीच्या गणेशोत्सवाचे फोटो काढून दिले, ओळखीच्या क्लासचा लोगो करून दिला, एखाद्या जाहिरातीला आवाज दिला, लग्नपत्रिकेवर सुलेखन केलं. काम आवडलं, पैसेही ठरले. मग निरोप येतो, "बिल पाठवा." इथेच घोडं पेंड खातं. आपली फर्म नाही, दुकान नाही, जीएसटी नंबर नाही, मग बिल द्यायचं तरी कुठल्या अधिकारात? काही जण "बिलबिल राहू द्या, रोखच द्या" म्हणून मोकळे होतात. काही जण मित्राच्या फर्मच्या बिलबुकावर वेळ मारून नेतात. हा दुसरा मार्ग तर मुळीच धरू नका. उत्पन्न मित्राच्या नावावर दिसतं, टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर) त्याच्या पॅनवर जातो, आणि न केलेल्या कामाचं बिल फाडल्याबद्दल उद्या जाब द्यावा लागतो तो त्यालाच.

खरी गोष्ट साधी आहे. भारतात एकट्या माणसाला स्वतःच्या नावाने काम करून बिल द्यायला आधी कुठेही नाव नोंदवावं लागत नाही. प्रोप्रायटरशिप म्हणतात ती कायद्याने तुमच्यापेक्षा वेगळी कुणी नसते. तुमचं नाव, तुमचा पॅन आणि तुमचं बँक खातं एवढ्यावर बिल होतं.

मात्र "माझा तर छंद आहे" हे आयकर खात्याला सांगून उपयोग नाही. आयकरात छंद नावाचा रकाना नाही. कधीतरी एखादं काम केलं तर ते इतर स्रोतांतलं उत्पन्न, आणि वरचेवर पैसे घेऊन कामं करत असाल तर व्यवसायाचं उत्पन्न. दोन्हींवर कर लागू होतो.

बिलाच्या आधी: नोकरी आणि कोटेशन

नोकरी करत असाल तर आधी नेमणूकपत्र काढून वाचा. खाजगी कंपन्यांच्या करारात बाहेरचं काम करायला मनाई किंवा लेखी परवानगीची अट हमखास असते. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत. त्यांत अधूनमधून केलेल्या साहित्यिक किंवा कलाविषयक कामाकडे जरा मोकळ्या नजरेने पाहिलेलं आहे, नियमित धंद्याकडे नाही. शंका असेल तर आस्थापना शाखेत अर्ज देऊन ठेवा. बिलावर तुमचा पॅन असणार, टीडीएस कापला गेला तर तो तुमच्या आयकराच्या नोंदीत दिसणार, तेव्हा "कुणाला कळणार नाही" या भरवशावर राहू नका.

मग कोटेशन. छंदवाल्यांची निम्मी भांडणं बिलावरून होत नाहीत, काय ठरलं होतं यावरून होतात. कोटेशनसाठी छापील कागदच हवा असं नाही, व्हॉट्सॲपवर लिहिलेल्या चार ओळी पुरतात. काम काय, किती दिवसांचं, दुरुस्त्या किती वेळा करून देणार, प्रवास आणि छपाईचा खर्च कुणाचा, आगाऊ रक्कम किती, उरलेले पैसे कधी. समोरच्याकडून "ओके" किंवा "चालेल" असं लिहून घ्या. अंगठ्याची इमोजी मी तरी मान्य करत नाही. मंडळांच्या ग्रुपवर लोक वर्गणीच्या यादीलाही अंगठा दाखवतात.

नव्या ग्राहकाकडून निम्मी रक्कम आगाऊ मागायला लाजू नका. ती मिळाली की पावती द्या. रोखीत ५,००० रुपयांपेक्षा जास्त घेतले तर पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लावून त्यावर आडवी सही करायची. पुष्कळ खजिनदार बिलावरच स्टॅम्प मागतात. स्टॅम्प लागतो तो पैसे मिळाल्याच्या पावतीला, बिलाला नाही. पण बिलावरच "पैसे मिळाले" असं लिहून सही करत असाल तर ते बिल पावतीही होतं आणि मग खजिनदाराचं म्हणणं बरोबर ठरतं.

बिल कोण वाचतो

तुमचे फोटो ज्याला आवडले तो माणूस तुमचं बिल वाचत नाही. ते वाचतो त्याचा अकाउंटंट किंवा सोसायटीचा खजिनदार, आणि वर्षअखेरीला ऑडिटर. त्याने तुमचं काम पाहिलेलं नसतं. पैसे कुणाला, कशाचे, किती आणि कोणत्या खात्यात द्यायचे एवढंच त्याला हवं असतं. यातलं एक जरी शोधावं लागलं तर बिल फाईलच्या तळाशी जातं. म्हणून ठिपक्यांची वेलबुट्टी आणि सोनेरी अक्षरं पत्रिकेसाठी ठेवा. बिल पांढऱ्या कागदावर आणि रुक्ष असू द्या.

सोसायटीच्या कार्यक्रमाचे फोटो काढले असतील तर बिल साधारण असं होईल:

बिल
बिल क्र.: २०२६-२७/००४
दिनांक: (बिल दिलं तो दिवस)
यांजकडून: तुमचं पॅन कार्डावरचं पूर्ण नाव, पत्ता, मोबाइल, ईमेल, पॅन
यांस: अमुक सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित, पत्ता. लक्ष: मा. खजिनदार
संदर्भ: दिनांक अमुकच्या कोटेशननुसार
१. वार्षिक स्नेहसंमेलनाचे छायाचित्रण, २ दिवस, दर ७,००० = १४,०००
२. १२० छायाचित्रांचं संपादन, एकरकमी = ४,०००
३. छापील प्रती, ३० नग, दर ५० = १,५००
४. प्रवासखर्च = ६००
एकूण: २०,१००
वजा आगाऊ रक्कम: ८,०००
देय रक्कम: १२,१००
अक्षरी रुपये बारा हजार शंभर फक्त
जीएसटी लागू नाही, पुरवठादार नोंदणीकृत नाही
देय मुदत: बिलाच्या तारखेपासून १५ दिवस
खातेदाराचं नाव, बँक, शाखा, खाते क्रमांक, आयएफएससी कोड
सही

यातल्या काही ओळी का आहेत ते सांगतो.

नाव पॅनवर आहे तसंच लिहा. "स्वरांगण क्रिएशन्स" असं एखादं नाव तुम्ही इन्स्टाग्रामवर लावत असाल तर ते वर लोगोसारखं चालेल, पण त्याखाली तुमचं स्वतःचं नाव हवंच, आणि "चेक या नावाने काढावा" म्हणून तेच पुन्हा लिहा. नाहीतर चेक "स्वरांगण क्रिएशन्स"च्या नावाने येतो आणि तुमच्या बचत खात्यात तो भरला जात नाही. मग सोसायटीचे सचिव आणि खजिनदार या दोघांच्या सह्या पुन्हा मिळवा. त्यातले एक गावाला गेलेले असतात.

बिल क्रमांक सलग ठेवा आणि एप्रिलमध्ये पुन्हा एकपासून सुरू करा. पहिलंच बिल आहे म्हणून लाजून १४७ नंबर टाकणारे लोक आहेत. तसं करू नका, एक नंबर असण्यात काहीही कमीपणा नाही. बिल रद्द केलंत तर नंबर तसाच ठेवून त्यावर "रद्द" लिहा.

अक्षरी रक्कम आणि शेवटचं "फक्त" वगळू नका. आकड्यापुढे एखादं शून्य वाढलं किंवा गळलं तर अक्षरांवरून सोडवणूक होते.

पॅनमधलं चौथं अक्षर अकाउंटंट आधी बघतो. ते "पी" असेल तर ही व्यक्ती, आणि त्यावरून काही ठिकाणी टीडीएसचा दर ठरतो. पॅन आधारला जोडलेला नसेल तर तो निष्क्रिय धरला जातो आणि कापणी थेट २० टक्क्यांवर जाऊ शकते. पहिलं बिल पाठवण्याआधी आयकराच्या पोर्टलवर हे तपासून घ्या.

बिलबुक हवं असेल तर स्टेशनरीच्या दुकानात कार्बन प्रतीचं मिळतं. ईमेलवर पाठवायचं असेल तर पीडीएफ करून पाठवा. वर्ड किंवा एक्सेलची फाईल पाठवली तर समोर कुणीही आकडा बदलू शकतो.

जीएसटी: काय लिहायचं नाही

सेवांसाठी वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. ईशान्येकडच्या मणिपूर, मिझोराम, नागालँड आणि त्रिपुरा या राज्यांत ही मर्यादा १० लाख आहे. फक्त वस्तू विकणाऱ्यांना महाराष्ट्र आणि गोव्यात ४० लाखांची मर्यादा आहे. पगार या उलाढालीत धरत नाहीत. पण तुमच्या नावावर दुकानाचा गाळा असेल आणि त्याचं भाडं येत असेल तर ते धरतात, कारण उलाढाल एका पॅनवर देशभरची मिळून मोजतात. सेवा असेल तर ग्राहक बंगळुरूचा असला म्हणून २० लाखांच्या आत नोंदणी करावी लागत नाही. २०१७ च्या ऑक्टोबरपासून ही सूट आहे.

वस्तूंचं तसं नाही, आणि हौशी कारागीर नेमके इथे अडकतात. घरी विणलेली पर्स किंवा कॅनव्हासवरचं चित्र दुसऱ्या राज्यात विकलं तर ती वस्तूंची आंतरराज्य विक्री ठरते आणि त्याला रकमेची मर्यादा न बघता नोंदणी लागते. अधिसूचित हस्तकला वस्तूंना यातून सवलत आहे. तुमची वस्तू त्या यादीत बसते का हे कुरियर करण्याआधी बघा, नंतर नव्हे.

नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावणं बेकायदा आहे. "१८ टक्के आत धरलेत" असं तोंडीही म्हणू नका. शीर्षकात "कर बीजक" किंवा "टॅक्स इन्व्हॉइस" लिहू नका. "बिल ऑफ सप्लाय" हे नावही टाळा, ते नोंदणी असलेल्या पण कर न आकारणाऱ्यांचं आहे. नुसतं "बिल" किंवा "इन्व्हॉइस" पुरतं.

कंपनीचा अकाउंटंट कधीकधी ठामपणे सांगतो, "जीएसटी नंबर नसेल तर व्हेंडर म्हणून नोंद होत नाही." बहुतेक वेळा त्याच्या सॉफ्टवेअरमधला रकाना रिकामा राहत नाही, एवढीच अडचण असते. त्याला हे एका कागदावर सही करून द्या:

"चालू आर्थिक वर्षात माझी एकूण उलाढाल जीएसटी कायद्यातील नोंदणीच्या मर्यादेपेक्षा कमी असल्याने मी या कायद्याखाली नोंदणी केलेली नाही. मर्यादा ओलांडल्यास तसे आपणांस लेखी कळवीन."

"आमचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) बुडतं" असंही ऐकू येईल. तुम्ही कर लावलेलाच नाही, तेव्हा बुडायला काही नाही.

टीडीएस: कमी आलेले पैसे कुठे गेले

६०,००० चं बिल दिलं आणि खात्यात ५४,००० आले, तर लगेच फोन करून भांडू नका. कंपनीने व्यावसायिक सेवेवर १० टक्के कापलेले असतात. एका ग्राहकाकडून वर्षात ५०,००० पेक्षा जास्त मिळाले की ही कापणी लागते, एप्रिल २०२५ आधी ही मर्यादा ३०,००० होती. काम कंत्राट म्हणून धरलं तर व्यक्तीसाठी दर एक टक्का. तिथे एका बिलाला ३०,००० आणि वर्षाला एक लाख अशी मर्यादा आहे. तुमचं काम कोणत्या खणात टाकायचं हे ग्राहकाचा अकाउंटंट ठरवतो. फोटोग्राफीत मतभेद होतात, म्हणून काम सुरू करण्याआधीच विचारून घ्या. लग्नघरचं काम असेल तर नेहमीच्या रकमांना टीडीएसचा प्रश्नच येत नाही.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला आणि कलमांचे आकडे बदलले. अकाउंटंट मंडळींच्या तोंडी मात्र अजून १९४जे (व्यावसायिक सेवा) आणि १९४सी (कंत्राट) हेच आहे.

कापलेले पैसे बुडत नाहीत, तुमच्या पॅनवर जमा होतात. पण लगेच दिसत नाहीत. कंपनी कर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरते, विवरण मात्र तिमाहीचं असतं. जुलैत कापलेला टीडीएस तुमच्या २६एएस मध्ये (पॅनवर जमा झालेल्या कराचा आयकर खात्याचा तक्ता) ऑक्टोबरअखेरच्या विवरणानंतर, म्हणजे बहुधा नोव्हेंबरात उमटतो. तेव्हा बघा आणि नसेल तर तेव्हाच विचारा. पुढच्या वर्षी रिटर्न भरताना विचारलंत तर त्या अकाउंटंटने नोकरी बदललेली असते.

पैसे वसूल करणं

संस्थांचे पैसे उशिरा येतात यामागे दर वेळी लबाडी नसते. मंडळाचा हिशोब विसर्जनानंतर बसतो, सोसायटीत बिल कमिटीच्या सभेत मंजूर व्हावं लागतं, कंपनीत पेमेंटचे दिवस ठरलेले असतात. म्हणून बिल काम संपल्या दिवशीच पाठवा आणि "पुढची सभा कधी?" एवढं विचारून घ्या. सभेच्या दोन दिवस आधी आठवण करा:

"नमस्कार काका, रविवारी कमिटीची सभा आहे असं कळलं. बिल क्र. ००४, रु. १२,१०० चं, विषयपत्रिकेत घ्याल का? मूळ प्रत तुमच्या घरी देऊन गेलो आहे."

या मजकुरात तगादा नाही, तरी बिल क्रमांक आहे, रक्कम आहे आणि प्रत पोचल्याची नोंदही आहे. कंपनीला लिहिताना काकांच्या जागी सर किंवा मॅडम येतील आणि ईमेलच्या विषयात बिल क्रमांक येईल. पंधरा दिवस गेले की पुन्हा लिहा आणि या खेपेला "कोणत्या तारखेला अपेक्षा ठेवू?" असं विचारा. "बघतो" या उत्तराला तारीख नसते, तारीख मिळेपर्यंत नम्रपणे विचारत राहा. त्या ग्राहकाचं पुढचं काम मागचं बिल चुकतं झाल्याशिवाय हातात घेऊ नका.

रोखीचा आग्रह धरण्यात तुमचाच तोटा आहे. एका माणसाला एका दिवसात १०,००० पेक्षा जास्त रोख दिली तर धंदेवाल्या ग्राहकाला तो खर्च करातून वजा मिळत नाही, म्हणून तो टाळाटाळ करतो. यूपीआयने आले तर शेऱ्यात बिल क्रमांक टाकायला सांगा. कॉलेज आणि साहित्यसंस्था पुष्कळदा बिल मागतच नाहीत, "मानधन" म्हणून त्यांच्याच व्हाउचरवर सही घेतात. ते चालतं. त्या व्हाउचरचा फोटो काढून ठेवा, तेही उत्पन्नच आहे.

परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाने बोधचिन्ह करून घेतलं तर बिल डॉलर किंवा पौंडात करा. तुमची बँक पैसे जमा करण्याआधी ते कशाचे हे दाखवणारा पर्पज कोड विचारते. जमा झाल्यावर परकीय रक्कम आल्याचं पत्र बँकेकडून मागून घ्या.

वही आणि रिटर्न

एक वही किंवा एक्सेलचं एक पान पुरे: बिल क्रमांक, तारीख, ग्राहक, रक्कम, टीडीएस, पैसे आल्याची तारीख. पलीकडे खर्च: प्रिंट, कुरियर, कॅमेऱ्याची दुरुस्ती. बिलांच्या प्रती सहा-सात वर्षं ठेवा.

पगारदार माणूस सवयीने आयटीआर-१ भरून मोकळा होतो. व्यवसायाचं उत्पन्न असेल तर तो फॉर्म चालत नाही, आयटीआर-४ किंवा आयटीआर-३ लागतो. आयटीआर-४ मध्ये अंदाजे नफ्याची पद्धत आहे, आणि त्यात तुमचं काम कोणत्या गटात येतं याने बराच फरक पडतो. समजा वर्षात १,८०,००० बँकेतून मिळाले. साध्या व्यवसायाला किमान ६ टक्के म्हणजे १०,८०० नफा दाखवता येतो. इंजिनीअरिंग, आयटी, अकाउंटन्सी, अंतर्गत सजावट, किंवा चित्रपटाशी संबंधित गायक, गीतकार, संवादलेखक, संकलक अशा यादीतल्या व्यवसायाला किमान ५० टक्के, म्हणजे ९०,०००. हे आकडे किमान आहेत. प्रत्यक्ष नफा जास्त असेल तर तोच दाखवायचा. फोटोग्राफी आणि सुलेखन या यादीत सरळ दिसत नाहीत, तिथे सीएला एकदा फी देऊन विचारा. कमी कर पडतो म्हणून पहिल्या गटात बसणं आणि पुढच्या वर्षी दुसऱ्यात उडी मारणं यातून नोटीस येते. पगाराबाहेरच्या उत्पन्नामुळे वर्षाचा उरलेला कर १०,००० च्या वर जात असेल तर अंदाजे नफ्याच्या पद्धतीत तो १५ मार्चपर्यंत आगाऊ भरायचा असतो.

नोंदणी कधी करावी

नोंदणीवाचून बिल देता येतं हे खरं, पण काही गोष्टी बिलाशी संबंध नसतानाही लागतात. दिवाळीचा फराळ किंवा केक विकत असाल तर पहिल्या डब्यापासून एफएसएसएआय नोंदणी हवी, उलाढाल कितीही असो. महाराष्ट्रात नियमित व्यवसाय करणाऱ्याला वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर आहे. पगारातून तो कापला जात असेल तर दोन्हीकडे भरण्याची गरज नसते, पण नोंदणीचा प्रश्न सीएकडून मिटवून घ्या. गुमास्ता परवान्यासाठी मात्र एजंटाला पैसे देऊ नका. २०१७ च्या राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्याने लहान आस्थापनांना नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचना पुरते, आणि घरबसल्या एकट्याने काम करणाऱ्याला तिची आठवण होते ती चालू खातं उघडताना, बँक कागद मागते तेव्हा.

एक नोंदणी मी आपणहून करायला सांगेन: उद्यम, म्हणजे केंद्र सरकारची लहान उद्योगांसाठीची नोंदणी. ती फुकट आहे, आधारवर घरून होते. सूक्ष्म उद्योग म्हणून नाव आलं की कराराने मुदत ठरली असली तरी ४५ दिवसांच्या आत आणि ठरली नसली तर १५ दिवसांत पैसे द्यायचं बंधन ग्राहकावर येतं. त्याने उशीर केला तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच त्याला करातून वजा मिळतो. मार्चमध्ये अकाउंटंट स्वतः फोन करून "तुमचं बिल राहिलंय का?" विचारतात ते यामुळे. तरीही पैसे आले नाहीत तर सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. मात्र उद्यम काम सुरू होण्याआधी काढलेलं असलं पाहिजे. थकबाकी झाल्यावर काढलेल्या प्रमाणपत्रावर जुनं बिल वसूल करायला गेलात तर पहिला आक्षेप त्यावरच येतो.

आणि उलाढाल २० लाखांकडे सरकायला लागली तर वहीच्या प्रत्येक पानाखाली चढती बेरीज लिहायला घ्या. मर्यादा ओलांडल्यापासून जीएसटी नोंदणीच्या अर्जाला ३० दिवस मिळतात, आणि ते मोजायला सुरुवात कोणत्या बिलापासून करायची हे त्या बेरजेवरूनच कळतं.